तिसऱ्या हाकेची ओ

आत्तीने आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं मला हाक मारली नाही. आमचं भांडण नव्हतं. एका घरात राहत होतो, एका तव्यावरची भाकरी खात होतो, संध्याकाळी गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांबद्दल बोलतही होतो. पण दुसऱ्या खोलीतून, जिन्यावरून, न्हाणीघरातून ‘शाले’ म्हणून साद घालणं तिने सोडलं होतं. काही हवं असलं की ती उठून यायची, माझ्या खांद्याला दोन बोटं लावायची आणि मी वर बघेपर्यंत उभी राहायची. शाळेतल्या माझ्या बरोबरीच्या शिक्षिका घरी आल्या की म्हणायच्या, तुमच्या आत्या किती शांत आहेत हो, घरात आहेत हे कळतसुद्धा नाही. मी मान हलवायचे आणि चहा ओतायचे. तो आवाज कुठे गेला हे मला माहीत होतं. आता आत्ती नाही, त्यामुळे ते सांगणारी मी एकटीच उरले आहे. लिहायला मला वेळ लागतो. दिवसाकाठी अर्धं पान झालं तरी पुष्कळ झालं असं मानते.

आमची वस्ती जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तीन घरं, एक लिंब, एक आड आणि बाकी सगळा माळ. वडील फौजेत होते. वर्षातून एकदा काळी ट्रंक घेऊन यायचे, महिनाभर आमच्याशी थोडं हिंदीत बोलायचे आणि परत जायचे. घरात आई, मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, हौसाबाई. तिला विजापूरकडे दिली होती. दोन वर्षांनी ती एक गाठोडं आणि थोडीशी कानडी घेऊन परत आली, ती पुन्हा गेली नाही. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. आईचं बरंच काही मला उशिरा कळलं, त्यातलं हे न विचारणं एक. ताटात वाढताना आत्ती हात आडवा धरून ‘साकु, साकु’ म्हणायची, पुरे या अर्थी, आणि मग हळूच वाटी पुढे करायची. थंडीत ती हुलग्याचं माडगं करायची, वर लसणाची फोडणी. चुलीपुढे आम्ही तिघी वाट्या तोंडाला लावून बसायचो आणि बाहेर धनगरांच्या मेंढरांच्या घंटा वाजत पुढे जायच्या. त्या घंटांवरून आत्ती सांगायची की आज कळप कुणाचा, आणि सहसा चुकायची नाही.

आत्तीचा आवाज मोठा होता असं म्हणून भागणार नाही. मोठा आवाज आईचाही होता. आत्तीचा आवाज लांब जायचा. शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे उतरायचे, आणि महिना-दीड महिना आत्ती रानातल्या मचाणावर गोफण घेऊन उभी असायची. तिचं ‘हाऽऽ होऽऽ’ निघालं की अख्खा थवा एकदम उठायचा. गोफणीतला दगड त्यानंतर सुटायचा, उगीच रीत म्हणून. दुपारी त्याच मचाणावरून ती मला जेवायला बोलवायची. मी अर्धा मैल पलीकडे, साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. ‘शा’ सपाट निघायचा, ‘ले’ वर चढत जायचा आणि टोकाला गेल्यावर जरासा फाटायचा. त्या फाटण्यावरून मला कळायचं की कालवण काय आहे. म्हणजे तिला भूक किती लागली आहे ते कळायचं, आणि करडईची भाजी असली की ती जास्त लागायची.

आमच्याकडे हाकेचा एक नियम होता. भर बाराला माळावरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे वाईट असतं त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी मारतं ते आपलं माणूस, असं सगळे मानायचे. मानायचे म्हणजे त्याचा विचार करायचे असं नाही. दारात चप्पल काढावी तितकं ते सवयीचं होतं. हाक मारणाराही तीनदाच मारायचा आणि ऐकणाराही तिसरीलाच ओ द्यायचा. आत्ती पहिल्या दोन हाका घाईने उरकून टाकायची आणि तिसरी सावकाश, मनापासून मारायची. भीतीशी त्याचा काही संबंध होता असं मला तेव्हा कधी वाटलं नाही. उलट तिसरी हाक ऐकली की बरं वाटायचं.

साहेबाचा बंगला म्हणजे कधीतरी होणार असलेल्या तलावासाठी सरकारने बांधलेल्या दोन दगडी खोल्या आणि एक व्हरांडा. तलाव झाला नाही. साहेबही आला नाही. आत्तीच्या शेणी व्हरांड्यात रचलेल्या असायच्या, आतल्या खोलीत शेळ्या दुपारच्या बसायच्या आणि एका कोपऱ्यात मी. मी नववीत असताना, शाळू हुरड्यावर यायच्या सुमाराला, दोन जीपगाड्या आणि एक टेम्पो धूळ उडवत आला आणि बंगल्यापुढे थांबला. भुताचा सिनेमा काढणारी मंडळी होती. पंधरा-सोळा माणसं, एक कॅमेरा, आणि डोक्याला पंचा गुंडाळलेला डायरेक्टर. तो व्हरांड्याच्या कट्ट्यावर चढला, गोल फिरून चारी बाजूंना बघितलं आणि आनंदाने ओरडला, “काहीच नाही! कुठेही कॅमेरा लावा, काहीच नाही! अशी जागा शोधून सापडत नाही.”

आत्ती शेणींची पाटी घेऊन तिथेच उभी होती. “काय न्हाई म्हंजे?” ती म्हणाली. “त्यो शाळू काय हाय मग? आन् आमच्या शेणी कुटं टाकल्या तुमी?”

सगळे हसले, डायरेक्टरही हसला. मीसुद्धा हसले, आणि हसताना तिच्यापासून एक पाऊल बाजूला सरकले. ते पाऊल मला आता आठवतं.

पुढचे आठ-दहा दिवस शाळा बुडवून मी तिथेच होते. त्यांच्याकडे रात्री दिवे लावायची सोय नव्हती, म्हणून ते रात्र दुपारीच काढायचे. कॅमेऱ्यापुढे निळी काच धरायची आणि भर उन्हात हिरॉइनने हातात पेटता कंदील घेऊन चाचपडत चालायचं. आमच्या वस्तीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. “आगं, दिसत न्हाई का काय हिला?” हडळीसाठी वेगळी बाई आणली नव्हती, मेकअपवालाच पांढरं लुगडं नेसून, केस सोडून हडळ व्हायचा. मधल्या वेळेत तो तसाच लिंबाखाली बसून बिडी ओढायचा आणि आमची शेंबडी पोरं त्याच्या मांडीवर चढायची. एक दिवस त्यांनी पावसाच्या गाण्यासाठी जतहून पाण्याचा टँकर मागवला. टँकरचा हॉर्न वाजला आणि उन्हाळ्यातल्या सवयीने आसपासच्या वस्त्यांवरच्या सगळ्या बायका हंडे-घागरी घेऊन धावत सुटल्या. हिवाळ्यात टँकर कसा आला, हे कुणी विचारलं नाही. डायरेक्टरला वाटलं, शूटिंग बघायला गर्दी जमली. मग ते पाणी नळीने उंच उडवून हिरॉइनच्या अंगावर पाडलं, तिची पातळ साडी अंगाला चिकटली, पुरुष तिच्याकडे बघत राहिले आणि बायका जमिनीकडे, जिथे पाणी मुरत होतं. आत्ती घागर कमरेवर घेऊन पुढे झाली. “आवं सायेब, त्या बाईच्या अंगावरनं खाली येतंय तेवढं तरी धरू द्या की.” आणि गाणं संपल्यावर तीच घोंगडं घेऊन गेली, थरथरणाऱ्या त्या मुलीला गुंडाळून चुलीपुढे आणून बसवलं आणि माडगं दिलं. तिला तिखट लागलं. डोळ्यांत पाणी आणून ती पीत राहिली. “साकु?” आत्तीने विचारलं, आणि अर्थ न कळता तिने वाटी पुढे केली.

मी डायरेक्टरच्या खुर्चीमागे उभी असायचे. मला वाचनाचा नाद आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एकदा त्याने सहज विचारलं, “काय गं, तुमच्याकडे भुताखेतांचं काही आहे की नाही?” आमच्याकडे तसं काही नव्हतं. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाने विचारलं आणि आपल्याकडे काही नाही असं सांगायची मला लाज वाटली. मी तिसऱ्या हाकेचं सांगितलं. तो ताठ बसला. “हे लिहून दे मला,” म्हणाला. मी वहीची दोन पानं भरून, निबंधाच्या भाषेत, चांगल्या अक्षरात लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला वाचून दाखवलं ते वेगळं होतं. त्यात हडळ पहिली हाक मारते, दुसरी मारते, हिरॉइन ओ देत नाही; तिसरी हाक येते, आता आपलंच माणूस आहे म्हणून ती ओ देते आणि हडळ तिचा गळा धरते. “जमलं की नाही?” त्याने विचारलं. मी म्हणाले, हो, जमलं. मला खरंच तसं वाटलं होतं. आजही, सगळं होऊन गेल्यावर, मराठी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई म्हणून सांगते, त्या सिनेमात तेवढं एकच जमलेलं होतं.

आवाजाचं काम बघायला एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मूळचे मिरजेचे, तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातले. दुपारभर ते गळ्यात यंत्र अडकवून माळावर वाऱ्याचा, पाखरांचा आवाज भरून घेत हिंडायचे. त्यांनी आत्तीला मचाणावरून ऐकलं आणि ते चालत तिच्याकडे गेले. मी बरोबर होते. “बहेन,” ते खालून म्हणाले, “एक हाक पाहिजे आम्हाला. तीनदा.”

“कुणाला मारू?”

“कुणाला नाही. अशीच.”

“आसं कसं? कुणी आसल्याबिगर कुणाला हाक मारायची?” आत्ती हसली. “येड्यावानी न्हाई का दिसनार?”

चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, “हिला मारा.” मग आत्तीने विचारलं, सिनेमात कोण कुणाला बोलवतंय? चाचांना बहुतेक ठाऊक नसावं. त्यांनी खांदे उडवले. मला ठाऊक होतं. “एक बाई मुलीला बोलवते,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. आयुष्यात मी खोटं फारसं बोललेले नाही. जे केलं ते असंच, अर्धं सांगून केलं.

मी शंभरेक पावलं लांब जाऊन उभी राहिले. चाचांनी हात वर केला. आत्तीने तोंडाला तळवे लावले आणि पहिली हाक मारली, दुसरी मारली, आणि मग तिसरी, सावकाश. आणि मी, यंत्र चालू आहे हे पक्कं ठाऊक असताना, रोजच्या सवयीने मोठ्याने ओ दिली. ओऽऽ.

चाचांनी कपाळाला हात लावला. “अरे बेटा! बोलायचं नव्हतं.” मग आत्तीला म्हणाले, “बहेन, पुन्हा एकदा.”

“आता कशाला?”

“ही मध्ये बोलली ना.”

“बोलली म्हंजे? ओ दिली की पोरीनं,” आत्ती म्हणाली. “ओ दिल्यावर पुन्यांदा कशाला बोलवायचं? आता ती यील की जेवायला.” आणि ती खरोखरच मचाणावरून उतरायला लागली. चाचांनी दोनदा विनवलं. तिला ते पटेचना, आणि न पटलेली गोष्ट आत्तीने कधी केली नाही. शेवटी चाचाच हसले. “ठीक आहे. तेवढं कापून टाकू.” त्यांनी यंत्राला जोडलेला कानावर लावायचा पट्टा तिच्या कानांवर ठेवला आणि तिचीच हाक तिला ऐकवली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. “ही मी?” ती म्हणाली. “लांबनं आशी ऐकू येते व्हय मी?” तिची हाक आम्ही सगळ्यांनी लांबून ऐकली होती. तिने कधीच नाही.

सिनेमा वर्षाने आला, पुन्हा शाळू उभा असताना. शेजारच्या गावच्या जत्रेत तंबू लागला होता. हाक ‘शाले’ अशी भरली गेली होती, म्हणून हिरॉइनचं नावच त्यांनी बदलून माझ्यासारखं शालन करून टाकलं होतं. हिरोचे ओठ भलतंच काही म्हणत होते आणि ऐकू यायचं शालन. हे मला तिथे बसल्यावर कळलं. आत्ती इरकली नेसून आली होती, ठेवणीतली. भाकरी-चटणीचं फडकं मांडीवर घेऊन ती बायकांच्या बाजूला पुढे बसली आणि येईल त्या बाईला सांगत होती, “माझी हाक हाय ह्यात. बगा आता.” वर्षभरात मी तिला सांगू शकले असते. मी रोज उद्यावर टाकलं, मग मला वाटायला लागलं की सिनेमा येणारच नाही, आणि मग तो आला.

अंधार पडल्याबरोबर खेळ सुरू झाला. पडद्यावर आमचा माळ निळा दिसत होता. आमचा बंगला आला, त्याच्या दारात जाळी लावली होती आणि आतून धूर येत होता. मी ज्या कट्ट्यावर पुस्तक वाचायचे त्यावर एक कवटी होती. ज्या ठिकाणी आम्ही राहत होतो ते जगापासून तुटलेलं आहे, तिथे गेलेला माणूस परत येत नाही, हे मी पहिल्यांदा त्या तंबूत ऐकलं. मग लिंबामागून पांढऱ्या लुगड्यातला मेकअपवाला आला, त्याने जबडा उघडला आणि त्यातून आत्तीचा आवाज निघाला. शालेऽऽ. तंबूत कुणीतरी किंचाळलं. दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला आत्तीभोवतीच्या बायका बूड न उचलता बाजूला सरकल्या. तिच्याभोवतीची सतरंजी रिकामी होत गेलेली मला दिसली. पुरुषांच्या बाजूने शिट्टी आली. “हौसाबाय, गप की गं! पोरं मुततील हितं!” सगळा तंबू हसला. बाहेर जनरेटर धडधडत होता. आत्तीने माझ्याकडे वळून विचारलं, अगदी हळू, जणू चूक तिचीच झाली असावी, “शाले, मी तर तुला जेवाय बोलवलं हुतं की गं.”

त्यानंतर तिला कुणी काही केलं असं नाही. आमच्याकडची माणसं दुष्ट नाहीत. पण सासरहून परत आलेल्या बाईबद्दल आधीच लोक थोडं थोडं बोलत असतात, आणि सिनेमाने त्यांना एक शब्द आणून दिला. रडणाऱ्या पोराला आया म्हणायच्या, थांब, हौसाबाय हाक मारंल. आत्ती मचाणावरून ओरडली की रस्त्याने जाणारे सायकलवाले मुद्दाम पडल्याचं सोंग करायचे. ती त्यांच्यावर गोफण उगारायची आणि हसायची. माझा अंदाज आहे की तिने ते पेललं असतं. मला शाळेत पेलवलं नाही. वर्गातली पोरं मधल्या सुटीत जिभा बाहेर काढून ‘शालेऽऽ, ये की गंऽऽ’ करायची, आणि ओल्या साडीतल्या त्या मुलीचं नाव माझं असल्यामुळे मोठी मुलं आणखी काय काय म्हणायची. गुरुजीसुद्धा एकदा हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून मिशीत हसले.

एका रविवारी तालुक्याच्या दोन मैत्रिणी माझ्याकडे पुस्तकं न्यायला आल्या होत्या. दोघी चांगल्या घरातल्या, मी त्यांच्यासारखं बोलायला शिकत होते. आम्ही बंगल्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. उन्हं डोक्यावर आली आणि मचाणावरून हाक आली. शालेऽऽ. त्यातली एक लगेच दुसरीला बिलगली. “शालन, हडळ बोलावते गं तुझी!” दोघी खिदळायला लागल्या. दुसरी हाक आली. मी पुस्तकाचं पान उलटलं. तिसरी हाक आली, सावकाश, टोकाला फाटलेली. मी ओ दिली नाही. थोड्या वेळाने चौथी आली. चौथी हाक मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. तशी कुणी मारतच नाही. मैत्रिणी हसायच्या थांबल्या आणि एकीने विचारलं, “अगं, खरंच काही झालं नसेल ना?” मी म्हणाले, “काही नाही, ती जरा तशीच आहे.”

काही झालं नव्हतं. तिने आमच्यासाठी मोसमातला पहिला हुरडा भाजला होता. आगटीतून काढलेली कणसं तळहातावर चोळून, फुंकून, फडक्यात बांधून ठेवली होती. बाजूला लसणाची चटणी, तिघींची. मैत्रिणींना वाटेला लावून मी रानात गेले तेव्हा ती मचाणाखाली फडकं मांडीवर घेऊन बसली होती. “गार झाला,” ती म्हणाली. “गेल्या व्हय पोरी?”

मी उभीच राहिले. आणि घरात जी भाषा आम्ही कधी बोललो नव्हतो त्या भाषेत, तालुक्याच्या मैत्रिणींच्या भाषेत, मी तिला म्हणाले, “आत्ती, यापुढे मला हाक मारत जाऊ नकोस. काही काम असेल तर जवळ येऊन सांगत जा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. “बरं,” म्हणाली. मग फडक्याची गाठ सोडली. “खातीस का गार? ग्वाड हाय आजून.” मी खाल्ला नाही.

ती शब्दाची इतकी पक्की असेल असं मला वाटलं नव्हतं. मुलं आईला, आत्याला काहीतरी तोडून बोलतात आणि चार दिवसांनी सगळं पूर्ववत होतं. मीही तेच धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी ती अर्धा मैल उन्हातून चालत बंगल्यापर्यंत आली आणि माझ्या खांद्याला दोन बोटं लावली. मी दचकले. “जेवाय चल,” म्हणाली. त्या मोसमात पुढे तिने पाखरांनाही आवाज दिला नाही. रॉकेलचा रिकामा डबा मचाणाला बांधला आणि काठीने तो बडवायला लागली. पाखरं चार दिवसांत डब्याला सरावली. त्या वर्षी शाळूची कणसं वरून भरलेली दिसायची आणि हातात घेतली की हलकी लागायची. आई एकदा सूप पाखडता पाखडता मला म्हणाली, “काय बोललीस तू तिला?” मी म्हणाले, काही नाही. आई पाखडत राहिली.

मी सांगलीला शिकले, साताऱ्यात नोकरीला लागले, आई गेल्यावर आत्तीला इकडे घेऊन आले. मी कितीदा तरी तिला सांगितलं, मारत जा गं हाक, ते तेव्हाचं काय धरून बसलीस. ती हसायची. “आता कुटं आवाज ऱ्हायलाय?” म्हणायची. खरं काय होतं मला माहीत नाही. मला वाटतं तिने धरूनही ठेवलं नव्हतं. सांगितलं ते एकदा ऐकलं आणि सोडलं, इतकंच. माफी मी रीतसर कधी मागितली नाही. ‘ते तेव्हाचं’ म्हणणं म्हणजे माफी मागणं नव्हे, हे मुलांच्या निबंधात मी लाल शाईने दाखवून दिलं असतं.

शेवटचे काही महिने ती उठू शकत नव्हती. तेव्हा खांद्याला बोटं लावणंही गेलं. काही हवं असलं की ती स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवायची. ज्या सकाळी ती गेली त्या सकाळी मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करत होते, दात नव्हते म्हणून अगदी बारीक, मिक्सरवर. मिक्सर बराच वेळ चालू होता. चटणी वाटीत काढून, त्यात दही कालवून मी खोलीत गेले. पेला खाली पडलेला होता. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या बाई भेटायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “त्या दिवशी सकाळी तुमच्याकडे काहीतरी ठोकत होतं बघा. तीनदा वाजायचं, थांबायचं, परत तीनदा. मला वाटलं, खिळा मारताय.”

हाक असती तर ऐकू आली असती. मिक्सरच्या काय, कशाच्याही वर ऐकू आली असती. भोरड्यांचा थवा उठवणारा आवाज होता तो.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा मी फोनवर तो सिनेमा शोधला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहिण्याजोगं नाही. कुणीतरी तो चढवून ठेवला आहे आणि खाली लोकांनी खूप हसून घेतलं आहे: हडळीच्या हातावर घड्याळ आहे, रात्री सावल्या पायाखाली कशा. मी भर दुपारी, कानात इअरफोनची बोंडं घालून तो बघितला. बंगला बघितला. पावसाच्या गाण्यात पडद्याच्या कडेला क्षणभर एक घागर चमकते, ती बघितली. मग लिंब आला, मेकअपवाला आला, आणि हाक आली. पहिली, घाईची. दुसरी, घाईची. तिसरी आली, सावकाश, वर चढली, टोकाला फाटली. मग नुसता वारा. आणि त्या वाऱ्यात, हडळ झडप घालायच्या आधी, लांबून, बारीक, कुणीतरी म्हणालं: ओऽऽ.

ते कापायचं राहून गेलं होतं. तंबूत जनरेटरच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नव्हतं, मलाही नाही. इतकी वर्षं त्या भिकार सिनेमात आत्ती हाक मारत होती आणि एक पोर तिला ओ देत होती, लगेच, खुशीने, भूक लागलेल्या पोरीच्या आवाजात. मी मागे जाऊन पुन्हा ऐकायला बोट उचललं. मग खाली ठेवलं. ओ दिल्यावर पुन्यांदा कशाला बोलवायचं, असं ती म्हणाली असती, आणि मचाणावरून उतरायला लागली असती.

फोन पालथा घातला. ती ओ त्या पोरीची होती. ती पोर त्या दुपारी धावत जाऊन जेवलीसुद्धा. माझी ओ अजून माझ्याकडेच आहे.